इटालियनमधून हिब्रूत, विषय कला-हस्तकला: अनुवादक कसा शोधायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईतल्या अनुवाद एजन्सींकडे बहुभाषिक कामं येतात, तेव्हा भाषांच्या यादीत शेवटी कुठेतरी हिब्रू असते. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिशला माणसं पटापट मिळतात आणि हिब्रूपाशी घोडं अडतं. त्यातही मूळ मजकूर इंग्रजीत नसून इटालियनमध्ये, आणि विषय काच, मोझेक, फ्रेस्को (ओल्या गिलाव्यावरची भित्तिचित्रं) असला की अनुवादक नेमणारे व्हेंडर मॅनेजर हताश होतात. त्यांच्याकडून आणि नव्याने या धंद्यात येणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

ही कामं मुळात येतात तरी कुठून?

वाटतं त्यापेक्षा जास्त ठिकाणांहून. पहिली वाट संग्रहालयांची. जेरुसलेमचं इस्रायल म्युझियम 1965 सालचं, तेल अवीवचं कलासंग्रहालय 1932 सालचं, आणि होलोनचं डिझाइन म्युझियम 2010 मध्ये उघडलं. इटलीतून प्रदर्शन आलं की भिंतीवरचे फलक, कॅटलॉग, ऑडिओ गाइड हे सगळं हिब्रूत लागतं.

दुसरी वाट इटलीतल्या ज्यू वारशाची, आणि ती बरीच जुनी आहे. कोनेल्यानो या व्हेनेतो भागातल्या गावातल्या सिनगॉगचा, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाचा, सगळा अंतर्भाग, कोरीव लाकूडकामासकट, 1950च्या दशकाच्या सुरुवातीला जेरुसलेमला नेऊन पुन्हा उभा केला. आज तो उंबेर्तो नाहोन इटालियन ज्यू कलासंग्रहालयाच्या वास्तूत आहे. इकडे फेरारामध्ये इटालियन ज्यूंचं राष्ट्रीय संग्रहालय 2017 मध्ये सुरू झालं, आणि व्हेनिसच्या घेट्टोचं, म्हणजे 1516 मध्ये ठरवून दिलेल्या ज्यू वस्तीचं, स्वतःचं संग्रहालय आहे. तिथे हिब्रू वाचणारे पर्यटक नेहमीच येतात.

तिसरी वाट कारागिरांची: मुरानोची काच, फाएन्झाची सिरॅमिक्स, तोस्कानाचं चामडं, स्पिलिम्बेर्गोची मोझेक शाळा. ही मंडळी माल विकतात, कार्यशाळा घेतात, साहित्य पाठवतात, आणि प्रत्येक गोष्टीसोबत कागद असतो.

चौथी वाट जतन-संवर्धनाची. इस्रायलच्या जुन्या अक्को शहरात तिथल्या पुरातत्त्व खात्याचं आंतरराष्ट्रीय संवर्धन केंद्र आहे. त्याचं नावच ‘चित्ता दी रोमा’, म्हणजे रोम शहर. इटालियन आणि हिब्रू या दोन भाषा हातात करणी-ब्रश घेऊन जिथे भेटतात अशी ती जागा आहे. हिचा उपयोग पुढे सांगतो.

‘कला आणि हस्तकला’ हे एकच स्पेशलायझेशन ना?

नाही. या विषयातल्या निम्म्या चुका इथेच सुरू होतात. अनुवादकांच्या ऑनलाइन डिरेक्टरींमध्ये कला, हस्तकला आणि चित्रकला असा एकच रकाना असतो. त्या रकान्यावर खूण करणाऱ्याने कदाचित पर्यटनाच्या माहितीपत्रकात दोन चर्चची वर्णनं केलेली असतील. तेवढ्यावर तो भट्टीच्या तापमानाचा तक्ता सांभाळू शकेल असं होत नाही.

कामं आधी जातीनुसार वेगळी करा. प्रदर्शनाचा कॅटलॉग हा कलेतिहासाचा मजकूर. तिथे लांब वाक्यं, अवतरणं, कालखंड, शैली येतात. संवर्धनाचा अहवाल हा अर्धा रसायनशास्त्राचा मजकूर. कारागिरीचं साहित्य, म्हणजे कसं करावं याच्या सूचना, अवजारांची यादी, ग्लेझच्या (भांड्यांवर चढवायच्या चकचकीत लेपाच्या) पाकिटावरचा मजकूर, याला कार्यशाळेत उभा राहिलेला माणूस लागतो. विक्री, विमा, निर्यातीचे कागद हे कायद्याचं काम. ते कलेच्या अनुवादकाला देऊ नका, त्यालाही ते नको असतं.

आता कारागिरीतल्या अडचणी बघा. इटालियन ‘झ्माल्तो’ हा एकच शब्द मातीच्या भांड्यावरचं ग्लेझ, धातूवरची मीनाकारी, मोझेकसाठी कापलेले अपारदर्शक काचेचे तुकडे, भिंतीचा तैलरंग आणि नेलपॉलिश, या सगळ्यांना चालतो. हिब्रूत मात्र यांना वेगवेगळे शब्द आहेत: ग्लेझला ग्लझुरा, मीनाकारीला एमाय्ल, नखांना लाक. कुठला घ्यायचा हे वस्तू कशाची आहे त्यावर ठरतं, वाक्यावरून कळतंच असं नाही. ‘जेस्सो’चं तसंच. तो खडू असू शकतो, प्लास्टर असू शकतो किंवा चित्राच्या फळीवर रंगाआधी चढवलेला पांढरा थर असू शकतो. ‘लाक्का’ म्हणजे लाखेचं पॉलिश, पण जुन्या चित्रकारांच्या मजकुरात ते रंगद्रव्याचं नाव असतं.

मुरानोचं प्रकरण आणखी मजेदार आहे. आगीच्या भीतीने व्हेनिस प्रजासत्ताकाने 1291 मध्ये काचेच्या भट्ट्या या बेटावर हलवल्या. तेव्हापासून तिथल्या कारागिरांची बोली वेगळीच वाढली. भट्टीपुढे उस्तादाबरोबर काम करणाऱ्या तुकडीला ते ‘पियात्सा’ म्हणतात. साध्या इटालियनमध्ये पियात्सा म्हणजे चौक. ‘उस्ताद आणि त्याची पियात्सा’ या वाक्याचं हिब्रूत ‘उस्ताद आणि त्याचा चौक’ असं झालेलं वाचलं, तर समजा की अनुवादक मुरानोत शिरलाच नाही.

संवर्धनात भित्तिचित्र उतरवण्याच्या पद्धती घ्या. ‘स्त्राप्पो’मध्ये फक्त रंगाचा पापुद्रा सोलून घेतात, ‘स्ताक्को’मध्ये त्याखालच्या गिलाव्यासकट काढतात, आणि ‘स्ताक्को आ मास्सेल्लो’मध्ये भिंतीचा भागच कापून नेतात. तिन्हीसाठी ‘भिंतीवरून काढलं’ एवढंच लिहिलं तर अहवालाचा उपयोग काय? फ्लॉरेन्सला 4 नोव्हेंबर 1966 रोजी आर्नो नदीचा पूर आला. त्यानंतर ही सगळी शब्दावली जगभरच्या संवर्धकांच्या तोंडी गेली. म्हणून संवर्धक असलेल्या हिब्रूभाषकाला मूळ इटालियन शब्द बहुधा ओळखीचाच असतो. तो शब्द लिप्यंतर करून ठेवावा आणि पहिल्या वेळी अर्ध्या ओळीत अर्थ सांगावा, हे मला सर्वांत बरं वाटतं.

डिरेक्टरीत भाषाजोडी आणि विषय टाकून शोधलं तर पुरे नाही का?

सुरुवात म्हणून ठीक आहे. प्रोझ, ट्रान्सलेटर्सकॅफे अशा साइट्सवर इटालियन-हिब्रू जोडी निवडता येते, विषयाची चाळणी लावता येते. पण जोडी दुर्मीळ आहे, त्यामुळे चाळणी लावल्यावर जी मोजकी नावं उरतात त्यांना विषयाचा अनुभव असेलच असं नाही, आणि ज्यांना अनुभव आहे ते तिथे नसतातही. नाव सापडलं की प्रोफाइलमध्ये कामांची नावं आहेत का ते बघा. ‘कला, फॅशन, मार्केटिंग, वैद्यकीय, कायदा, तंत्रज्ञान’ अशी सगळीच खूण केलेली असेल तर पुढे जा.

इस्रायलच्या अनुवादक संघटनेची सदस्यसूची आणि 1950 पासूनची इटलीची अनुवादक-दुभाषी संघटना एआयटीआय यांच्याकडेही शोधा. इटलीच्या यादीत हिब्रूवाले थोडे असतात, पण त्यांना गाळू नका.

मग नेमकी माणसं सापडतात कुठे?

छापील कामात. आर्ट कॅटलॉगच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानांवर श्रेयनामावली असते: संपादन कुणाचं, भाषासंपादन कुणाचं, इटालियनमधून अनुवाद कुणाचा. इस्रायली संग्रहालयांची प्रकाशनं याबाबत काटेकोर असतात. इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची सूची ऑनलाइन आहे, आणि नोंदींमध्ये अनुवादकाचं नावही येतं. हिब्रूत ‘इटालियनमधून अनुवाद’ असा शोध घेऊन कला, वास्तुकला, डिझाइन या विषयांवर थांबा. हिब्रू येत नसेल तर एखाद्या इस्रायली सहकाऱ्याला तासाभराचे पैसे देऊन हे करून घ्या. त्या एका तासातून निघालेली चार नावं डिरेक्टरीतल्या चाळीस प्रोफाइलपेक्षा कामाची असतात.

दुसरी जागा शिक्षणाची. जेरुसलेमची बेझालेल अकादमी 1906 पासून कला आणि डिझाइन शिकवते. रामात गानचं शेंकर कॉलेज वस्त्र, दागिने, डिझाइनसाठी नावाजलेलं आहे. इथून शिकून इटलीत पुढे गेलेले, स्पिलिम्बेर्गोच्या 1922 सालच्या मोझेक शाळेत किंवा फ्लॉरेन्सच्या कार्यशाळांमध्ये हात बसवून परतलेले लोक असतात. ते अनुवादक नसतात, पण त्यांचा उपयोग कसा करायचा ते पुढच्या उत्तरांत आहे. अक्कोचं केंद्र याच कारणासाठी वर सांगितलं: तिथे काम केलेल्या संवर्धकाला गिलाव्याचा प्रत्येक थर दोन्ही भाषांत सांगता येण्याची शक्यता मोठी.

तेल अवीवची इटालियन सांस्कृतिक संस्था हीसुद्धा विचारण्याची जागा. ती तुम्हाला अनुवादक पुरवणार नाही, पण तिच्या कार्यक्रमांत नेहमी कोण दुभाषी असतं हे कळलं तरी धागा मिळतो.

अनुवादकाची मातृभाषा हिब्रूच हवी का?

हो, आणि इथे तडजोड करू नका. इस्रायलमध्ये इटलीहून गेलेल्या ज्यूंचा छोटा पण जुना समाज आहे. तिथे त्यांना ‘इटाल्किम’ म्हणतात. त्यांच्यातल्या पहिल्या पिढीचं इटालियन अस्सल असतं, हिब्रू मात्र शिकलेली असते. दुसऱ्या पिढीची हिब्रू अस्सल आणि इटालियन घरातलं, स्वयंपाकघरातलं. कॅटलॉगच्या निबंधातलं दहा ओळींचं वाक्य घरातल्या इटालियनने उलगडत नाही. कागदावर दोघेही ‘द्विभाषिक’ असतात, म्हणून बायोडेटात शिक्षण कुठल्या भाषेत झालं ते नक्की विचारा.

भाषा आणि हस्तकला, दोन्ही जाणणारा एकच माणूस मिळाला नाही तर?

मिळणार नाहीच, असं धरून चाला. माझं ठाम मत आहे की या जोडीत ‘स्पेशलिस्ट अनुवादक’ शोधण्यात वेळ घालवण्याऐवजी जोडगोळी बांधावी: एक चांगला इटालियन-हिब्रू अनुवादक, भले तो साहित्याचा असेल, आणि त्याच्यासोबत एक हिब्रूभाषक कारागीर, संवर्धक किंवा क्युरेटर, जो फक्त हिब्रू मजकूर वाचेल. त्याला इटालियन आलं तर उत्तम, न आलं तरी चालतं. ‘असं कुणी म्हणत नाही’ आणि ‘या तापमानाला हे ग्लेझ जळेल’ एवढी दोन वाक्यं तो बोलला तरी त्याची फी वसूल.

आयएसओ 17100 या अनुवादसेवेच्या मानकात दुसऱ्या व्यक्तीने तपासणं बंधनकारक आहे. ती तपासणी दोन्ही भाषा जाणणाऱ्याची असते. कारागीर-वाचक हा त्याच्यावरचा तिसरा टप्पा. बजेट तेवढं नसेल तर पूर्ण मजकुराऐवजी फक्त शब्दसूची त्याला दाखवा: आधी साठ-सत्तर संज्ञा काढून घ्या, चित्रांसकट पाठवा, त्याच्याकडून पक्क्या करून घ्या आणि मगच अनुवाद सुरू करा. चित्रं महत्त्वाची. संज्ञा नुसत्या पाठवल्या तर त्यालाही ‘झ्माल्तो’चं कोडं सुटणार नाही.

आधी इंग्रजीत आणि तिथून हिब्रूत केलं तर स्वस्त पडतं. करावं का?

इंग्रजी-हिब्रू अनुवादक भरपूर आहेत, म्हणून मोह होतो. विक्रीच्या छोट्या मजकुराला, म्हणजे ‘हाताने बनवलेली फुलदाणी, उंची 30 सेंमी’ एवढ्याला, हरकत नाही. कॅटलॉग आणि अहवालात मात्र करू नका. इटालियनमध्ये ‘क्वात्रोचेन्तो’ म्हणजे शब्दशः चारशे, अर्थ 1400ची शंभर वर्षं, म्हणजे पंधरावं शतक. इंग्रजी अनुवादकाने तो शब्द तसाच ठेवला तर हिब्रूवाला त्याचं ‘चौदावं शतक’ करून बसतो. अशा चुका छापून आल्यावरच दिसतात.

ग्राहक इंग्रजीचाच आग्रह धरत असेल, तर हिब्रू अनुवादकाला इटालियन मूळ आणि इंग्रजी दोन्ही द्या.

मशीनकडून कच्चा मसुदा घेऊन तपासून घेतला तर?

अनुवादकाला विचारा. काहीजण तयार होतील, काहीजण नाही म्हणतील आणि त्यांचं कारण बरोबर असेल. या जोडीत मशीन बऱ्याचदा मधे इंग्रजीतून जातं, त्यामुळे वरच्या उत्तरातली अडचण इथेही येते. शिवाय नावांचं लिंग. हिब्रूत क्रियापदाला लिंग लागतं, मराठीत ‘घडवलं’ म्हणून निसटता येतं पण ‘आला’ की ‘आली’ हे ठरवावंच लागतं, तसंच. आन्द्रेआ, निकोला, मिकेले ही इटलीत पुरुषांची नावं आहेत. पंधराव्या शतकातल्या आन्द्रेआ देल्ला रोब्बियाला, म्हणजे चकचकीत ग्लेझच्या मृण्मूर्ती घडवणाऱ्या त्या गृहस्थाला, ‘ती फ्लॉरेन्सला राहत होती’ असं करून ठेवायला मशीनला क्षण लागत नाही.

ज्यू धर्मवस्तूंचा मजकूर असेल तर वेगळा अनुवादक घ्यावा का?

शक्य असेल तर घ्या, कारण इथे मजकूर एका अर्थी घरी परततो. इटालियन लेखकाने सिनगॉगमधल्या वस्तूंना इटालियन वर्णनं दिलेली असतात: पवित्र कपाट, पडदा, गुंडाळीवरची डाळिंबं. हिब्रूत या प्रत्येकाला ठरलेली नावं आहेत. कपाट म्हणजे अरोन हाकोदेश, त्यावरचा पडदा पारोखेत, तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, गुंडाळीच्या दांड्यांवर बसवलेली चांदीची शोभा रिमोनीम, म्हणजे खरोखरच डाळिंबं. अनुवादकाने पारोखेतऐवजी घरातल्या पडद्याचा साधा शब्द वापरला तर जेरुसलेमचा वाचक हसेल.

व्हेनिसच्या घेट्टोत ‘स्कोला’, शब्दशः शाळा, म्हणजे सिनगॉग. तिथे 1528 सालची जर्मन स्कोला आहे, म्हणजे अश्केनाझी, अर्थात जर्मन भागांतून आलेल्या, ज्यूंचं प्रार्थनास्थळ. तिचा जर्मन शिकवण्याशी संबंध नाही. गंमत पुढे आहे: घेट्टोबाहेर त्याच व्हेनिसमध्ये ‘स्कुओला ग्रान्दे’ म्हणजे ख्रिस्ती बंधुमंडळ, ज्यांनी तिंतोरेत्तोसारख्या चित्रकारांकडून आपल्या वास्तूंसाठी चित्रं काढून घेतली. एकाच कॅटलॉगमध्ये दोन्ही येतात, आणि शाळा दोन्हींपैकी एकही नाही.

विवाहकरारांवर, म्हणजे सजवलेल्या केतुब्बांवर, ज्यू पंचांगातल्या तारखा असतात. इटालियन लेखकाने त्या इसवी सनात बदलताना गडबड केलेली असू शकते, म्हणून अनुवादकाने मूळ वस्तूचा फोटो मागितला तर आनंदाने द्या. हिब्रू छपाईचा इतिहासही इटलीतच रुजला आहे. संपूर्ण हिब्रू बायबल पहिल्यांदा छापलं गेलं ते 1488 मध्ये लोम्बार्दीतल्या सोन्चिनो गावात. त्यामुळे जुन्या छापील पानांवरची हिब्रू वाचता येणं हाही इथे एक गुण ठरतो, आणि तो साध्या व्यावसायिक अनुवादकात नसतो.

आणि ख्रिस्ती चित्रांचं काय? हिब्रूत त्यांना शब्द आहेत?

आहेत, पण रोजच्या बोलण्यातले नाहीत. माता-बालक, देवदूताची वार्ता, क्रुसावरून उतरवणं, अल्टारवरचं (चर्चच्या वेदीवरचं) चित्र यांसाठी कलेतिहासाच्या हिब्रूत रुळलेले शब्द आहेत. ते शब्द अनुवादकाला ठाऊक आहेत का, हे टेस्टमध्ये बघा. येशूच्या नावाची हिब्रूत एकाहून जास्त रूपं आहेत आणि त्यांच्यामागे धार्मिक छटा आहेत. संग्रहालय आपलं धोरण ठरवतं. अनुवादकाने आधी विचारावं, स्वतः ठरवू नये.

चित्रांवर लॅटिनमध्ये बायबलच्या ओळी असतात. हिब्रूत त्यांचं भाषांतर करायचं नसतं, मूळ हिब्रू बायबलमधली ओळ आणून ठेवायची असते. त्यात जुन्या लॅटिन बायबलमधले स्तोत्रांचे क्रमांक हिब्रूशी जुळत नाहीत: ‘मिझेरेरे’ हे प्रसिद्ध स्तोत्र लॅटिनमध्ये 50 वं, हिब्रूत 51 वं. कुणी न सांगता अनुवादकाने हा क्रमांक स्वतःहून दुरुस्त केलेला दिसला तर असा माणूस हातचा जाऊ देऊ नका.

मला हिब्रू येत नाही. टेस्ट कशी तपासू?

टेस्ट 250 ते 300 शब्दांची, पैसे देऊन, आणि मुद्दाम खडबडीत परिच्छेदाची द्या. सोप्या परिच्छेदावरून काही कळत नाही. त्यात एक संदिग्ध संज्ञा, दोन-तीन नावं, एक तारीख आणि एक माप असू द्या.

मग अनुवादाआधी त्याचे प्रश्न वाचा. ‘इथला झ्माल्तो मातीवरचा की मोझेकचा? फोटो आहे का?’ असं विचारणारा माणूस निम्मी टेस्ट तिथेच पास झाला. एकही प्रश्न न विचारता दुसऱ्या दिवशी फाइल पाठवणाऱ्यापासून सावध राहा.

नावांचं लिप्यंतर तुम्हीही थोडंफार तपासू शकता. इटालियन कलाकारांची नावं घ्या: जोत्तोचा ‘ज’ दाखवायला हिब्रूत गिमेल अक्षराला गेरेश नावाची छोटी रेघ लागते, चेल्लिनीच्या ‘च’ला त्सादी अक्षर आणि गेरेश. गिबेर्तीला मात्र साधा गिमेल पुरतो. रेघा जागेवर आहेत का हे भाषा न येताही दिसतं.

अर्थ तपासायला दुसऱ्या अनुवादकाला टेस्ट दाखवा, पण ‘गुण द्या’ म्हणू नका. नाहीतर तो स्वतःला काम मिळावं म्हणून खोड्या काढेल. ‘कुठल्या ओळीत अर्थ बदलला आहे, तेवढं सांगा’ असं विचारा.

एक खास खूण या विषयासाठी. हिब्रूत कला म्हणजे ओमानुत आणि कारागिरी म्हणजे उमानुत. स्वरचिन्हांशिवाय लिहिताना पूर्वी दोन्ही एका ‘वाव’ अक्षराने वेगळे ओळखू येत. हिब्रू भाषा अकादमीच्या 2017च्या लेखननियमांनंतर दोन्ही सारखेच लिहिले जातात, पण कलाक्षेत्रातल्या अनेक संस्था जुनं लेखन सोडायला तयार नाहीत. ‘कला आणि हस्तकला’ हे शीर्षक तुमचा अनुवादक कसं लिहितो आणि ग्राहकाची पद्धत कुठली हे आधी विचारतो का, यावरून बरंच काही कळतं.

रेट कसा ठरवायचा?

आधी एकक ठरवा, भांडणं तिथेच होतात. इटलीत ‘कार्तेल्ला’ या एककावर हिशोब करण्याची पद्धत आहे, आणि ती प्रकाशनात बहुधा 1800 अक्षरांची, व्यावसायिक कामात बहुधा 1500 अक्षरांची धरतात, स्पेस धरून. इस्रायली प्रकाशनात 24,000 अक्षरांचा ‘गिल्योन’ चालतो. आपल्याकडे सगळे मूळ शब्दांवर हिशोब करतात. हिब्रूत ‘आणि’, ‘मध्ये’, ‘पासून’ असली अव्ययं पुढच्या शब्दाला चिकटतात, त्यामुळे अनुवादातली शब्दसंख्या मुळापेक्षा बरीच कमी भरते. हिब्रू शब्दांवर रेट ठरवला आणि ग्राहकाशी इटालियन शब्दांवर, तर दोघांपैकी एकाला फसवल्यासारखं वाटणारच. मूळ शब्दांवर ठरवा.

जोडी दुर्मीळ म्हणून इंग्रजी-हिब्रूपेक्षा जास्त मोजावे लागतील. पुस्तक असेल तर प्रकाशकाला सांगा की इटलीचं परराष्ट्र मंत्रालय इटालियन पुस्तकांच्या परभाषेतल्या अनुवादासाठी अनुदानं देतं, अर्ज तिथल्या सांस्कृतिक संस्थेमार्फत किंवा दूतावासामार्फत करतात. परदेशी पैसे पाठवताना टीडीएस आणि करारांचा प्रश्न येतो; तो तुमच्या सीएवर सोपवा.

डीटीपीत काय बिघडतं?

जवळजवळ सगळं. कॅटलॉग उजवीकडून उघडतो, म्हणजे पानांचा क्रम आणि चित्रांची जागा उलटते, नुसता मजकूर ओतून भागत नाही. पानं मांडायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये हिब्रूसाठीचा परिच्छेद-कंपोझर चालू केलेला हवा. तरीही हिब्रू ओळीत आलेली मापं आणि सालं दगा देतात: ‘1475–1564’चं ‘1564–1475’ होतं, लांबी-रुंदीची अदलाबदल होते, कंस उलटे पडतात. इटालियन कॅटलॉगमध्ये कलाकृतींची नावं तिरप्या अक्षरांत असतात. हिब्रूत तिरपं अक्षर खुलत नाही, म्हणून अवतरणचिन्हं वापरायची की ठळक टाइप, हे आधी ठरवा. शेवटचं पीडीएफ अनुवादकाला दाखवल्याशिवाय छापू नका, आणि त्या तपासणीचे पैसे मूळ कोटेशनमध्येच धरा.

कारागिरीच्या सूचना हिब्रूत कुणाला उद्देशून लिहायच्या?

इटालियन सूचना नुसत्या क्रियापदाच्या मूळ रूपात असतात: मिसळणे, कापणे, वाळवणे. हिब्रूत आज्ञार्थाला पुरुष, स्त्री किंवा अनेकवचन निवडावं लागतं. ग्राहकाला विचारा. बहुतेकांना अनेकवचन चालतं. ग्लेझ, रंगद्रव्यं, सॉल्व्हंट यांचे सुरक्षापत्रक असेल तर ते रसायनांचं काम करणाऱ्याकडेच द्या, हस्तकलेच्या अनुवादकाकडे नको.

शपथेवरचा किंवा नोटरीचा अनुवाद लागतो का?

कॅटलॉगला नाही. वस्तूच्या मालकीचा इतिहास, न्यायालयीन कागद, वारसापत्र यांना लागू शकतो. इस्रायलमध्ये नोटरीला दोन्ही भाषा येत असतील तर तो अनुवाद बरोबर असल्याचं प्रमाणित करतो. येत नसतील तर अनुवादकाचं प्रतिज्ञापत्र प्रमाणित करतो. इटालियन जाणणारा नोटरी मिळणं जड जातं, म्हणून बहुधा दुसरी वाट धरावी लागते. जिथे कागद द्यायचा आहे त्या कार्यालयाला ती चालते का हे लेखी विचारून घ्या.

इटलीतून जुनी वस्तू बाहेर नेण्याचे नियम कडक आहेत. हयात नसलेल्या कलाकाराची, 70 वर्षांहून जुनी आणि 13,500 युरोंहून जास्त मोलाची वस्तू असेल तर परवान्याची प्रक्रिया लागते. हे कागद इटालियनमध्येच निघतात, हिब्रू प्रत फक्त घेणाऱ्याच्या माहितीसाठी असते. तिच्यावर तसं ठळक लिहा.

इस्रायलमध्ये मराठी बोलणारे बेने इस्रायली आहेत. त्यांची मदत होईल का?

हा प्रश्न मराठी माणसाच्या मनात येतोच. कोकणातून गेलेला हा समाज लोद, रामला, अश्दोद, दिमोना, बेरशेबा अशा गावांत आहे आणि जुन्या पिढीची मराठी अजून छान आहे. पण इटालियनशी त्यांचा संबंध नाही, म्हणून अनुवादक म्हणून नाही. तुम्हाला हिब्रू येत नसताना पीडीएफ वाचून ‘इथे ओळ तुटली आहे, हे वाक्य अडखळतंय’ असं मराठीत सांगणारं कुणी हवं असेल, तर तरुण पिढीतला मराठी समजणारा माणूस सोन्यासारखा. त्याला योग्य मोबदला द्या, ‘आपलाच माणूस’ म्हणून फुकट राबवू नका.

वेळापत्रक आखताना काय लक्षात ठेवायचं?

इस्रायलचा कामाचा आठवडा रविवार ते गुरुवार. शुक्रवारी दुपारनंतर फोन लागणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्यू नववर्षापासून सुक्कोत या सणापर्यंत सुट्ट्यांची रांग लागते, आणि ऑगस्टमध्ये, विशेषतः 15 तारखेच्या आसपास, इटलीतल्या कार्यशाळा बंद असतात. म्हणजे संज्ञांच्या शंका विचारायला कारागीर सापडत नाही. साध्या मजकुराचे दिवसाला 2000 ते 2500 शब्द धरतात, पण संवर्धनाच्या अहवालाला त्याच्या निम्मेच धरा. ऑक्टोबरमध्ये उघडणाऱ्या प्रदर्शनाचा कॅटलॉग जुलैच्या शेवटी हातात आला, तर मुदत वाढवून मागा किंवा काम नाकारा.